‘ओरिजिनल ग्रेटिंग’च्या नावाखाली सीडीचा तुकडा

खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाशातील रंग वेगळे करून मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरसाठी मिलिमीटरला 600 रेषांची, प्रकाश आरपार जाऊ देणारी तीन ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेषांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या पट्ट्या, हवी होती. दरपत्रके मागवली, आणि बेळगावातील ज्या विक्रेत्याचा दर इतरांच्या निम्मा होता त्याच्याकडूनच ती घेतली. स्वस्ताला भुललो, हे आधी कबूल करतो. “हे ओरिजिनल रूल्ड आहे सर, रेप्लिका नव्हे,” असे त्याने फोनवर सांगितले, तेथेच शंका यायला हवी होती. बाजारातील बहुतेक ग्रेटिंग मूळ साच्यावरून रेझिनमध्ये उतरवलेल्या प्रतिकृतीच असतात व त्यात कमीपणा काही नाही. हिऱ्याच्या टोकाने रेघा ओढलेले मूळ ग्रेटिंग मात्र त्या किमतीत कोणी देणार नाही.

काळ्या चौकटीत दोन काचांमध्ये बसवलेला माल दिसायला देखणा होता. सोडियमच्या 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या रेषा सुट्या दिसायला पहिल्या ऑर्डरमध्ये (सरळ जाणाऱ्या प्रकाशाच्या बाजूला पडणाऱ्या पहिल्या वर्णपटात) साधारण हजार रेषा उजळल्या तरी तत्त्वतः पुरतात, म्हणजे अशा ग्रेटिंगची दोन मिलिमीटर रुंदीसुद्धा लागत नाही. आम्हाला मात्र दुसऱ्या, रंग आणखी फाकणाऱ्या ऑर्डरमध्येही एकच पसरट, किंचित वाकडा पट्टा दिसे. दोन आठवडे आम्ही कॉलिमेटरला (किरण समांतर करणाऱ्या नळीला) दोष देत तिची स्लिट, म्हणजे प्रकाश आत सोडणारी अरुंद फट, लावत बसलो. शेवटी आमचे प्रयोगशाळा सहायक म्हणाले, “सर, ह्याला गाण्याच्या सीडीसारखा रंग मारतोय बघा की.”

त्यांचा शब्द खरा निघाला. 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर ग्रेटिंगवर सरळ सोडून एक मीटरवरच्या भिंतीवर पहिला ठिपका मधल्या ठिपक्यापासून किती दूर पडतो ते मोजले. 600 रेषांसाठी ते अंतर 33.7 सेंटिमीटर यायला हवे; आमचे 35.3 आले, म्हणजे रेषांमधील अंतर 1.6 मायक्रॉन, जे नेमके सीडीच्या ट्रॅकचे असते. त्याहून सोपी खूण म्हणजे लेझर स्थिर ठेवून ग्रेटिंग आडवे-उभे सरकवले, तेव्हा भिंतीवरची ठिपक्यांची ओळच कलू लागली. सरळ समांतर रेषांच्या ग्रेटिंगमध्ये असे होत नाही; ट्रॅक गोल असल्याशिवाय ओळ फिरणार कशी?

एक चौकट उचकटली, तर आत सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पारदर्शक प्लास्टिक निघाले, चांदीसारखा थर खरवडून काढलेले आणि एका बाजूला कमानीसारखी कड असलेले. विक्रेत्याने “सील फोडलेला माल परत नाही” म्हणून हात वर केले. पावतीवर नुसते ‘ग्रेटिंग, 3 नग’ असल्यामुळे, रेषांची संख्या किंवा उपयुक्त क्षेत्रफळ यांपैकी एकही गोष्ट आम्हाला त्याच्यापुढे धरता आली नाही.

यंदाच्या खरेदीपत्रात आम्ही हे दोन्ही आकडे लिहिले आहेत, आणि लेझरने भिंतीवर मोजून झाल्यावरच रक्कम दिली जाईल अशी अट घातली आहे. ती वाचून एका विक्रेत्याने दरपत्रक मागे घेतले.