घरपट्टी ऑनलाइन: एका नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचं परीक्षण

नगरपरिषदेचं नाव देत नाही. याच साच्याची संकेतस्थळं बऱ्याच ठिकाणी चालतात, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्या गावालाही लागू पडेल. आधी गुण: पाचपैकी दोन. लॉगिनची सक्ती नाही आणि मागणीचा तक्ता स्वच्छ आहे. थकबाकी, चालू मागणी, शिक्षण कर, वृक्ष कर, शास्ती अशा वेगवेगळ्या ओळी दिसतात, आकड्यांचा हिशोब जुळतो. बाकीचे तीन गुण माहिती भरायच्या चौकटींनी घालवले. नागरिकानं बरोबर भरलेलं हे संकेतस्थळ चूक ठरवतं, आणि चुकलं काय ते सांगत नाही.

मुखपृष्ठावर फार थांबायला नको. सरकती पट्टी, मान्यवरांचे फोटो, बंद करायची फुली नखाएवढी. घरपट्टीचा दुवा ‘नागरिक सेवा’, मग ‘कर विभाग’, मग ‘ऑनलाइन’ अशा तीन पायऱ्या खाली. मार्चअखेरीला इथे येणाऱ्या बहुतेकांना दुसरं काहीच नको असतं, तेव्हा हे बटण सगळ्यात वर हवं.

खरी अडचण मालमत्ता क्रमांकापासून सुरू होते. छापील बिलावर तो ‘३/०१२७/ब’ अशा धर्तीवर, मराठी अंकांत असतो. तसाच्या तसा टाकला की लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड इनपुट’. चौकटीला इंग्रजी अंक हवेत, तिरकी रेघ नको, आणि ‘ब’च्या जागी इंग्रजी ‘बी’ हवा. हे तिन्ही नियम कुठेही लिहिलेले नाहीत. चौकटीत फिकट करड्या अक्षरांत एक नमुना आहे खरा, पण टाइप करायला लागलं की तो पुसला जातो, म्हणजे नेमका लागतो तेव्हा नसतो. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे: जे येईल ते घ्या, रेघा आणि मोकळ्या जागा गाळा, ०-९ चे इंग्रजी अंक आणि ‘ब’चा इंग्रजी ‘बी’ करा, मग शोधा. नमुना चौकटीच्या वर, कायम दिसेल असा ठेवा.

क्रमांक नसेल तर नावानं शोधायची सोय आहे, पण ती भरवशाची नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. नोंदी एका कळफलकावर झालेल्या, नागरिकाचा मोबाइल दुसऱ्या पद्धतीचा, म्हणून उत्तर येतं ‘नोंद आढळली नाही’. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची जगभरची पद्धत; तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, हे दोन प्रकार एक करत नाही, त्याचा नियम वेगळा लिहावा लागतो.

पावतीवरच्या नावाची चौकट तर आणखी गमतीची. ‘फक्त अक्षरे टाका’ म्हणते आणि ‘सीमा’ नाकारते. कारण साधं आहे: युनिकोडमध्ये ‘स’ आणि ‘म’ अक्षरांच्या वर्गात येतात, वेलांटी आणि काना चिन्हांच्या वर्गात. तपासणी लिहिणाऱ्यानं पहिला वर्ग चालू ठेवला, दुसरा विसरला. हे मराठी नावांवर एकदा चालवून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. लांबीचीही तीच तऱ्हा. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, संगणक काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून दहा मोजतो, आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत त्याचे तीस बाइट होतात. मर्यादा ५० बाइटची असेल तर वडिलांचं नाव अर्ध्यात तुटतं आणि आडनावाला जागाच उरत नाही.

बटणं इंग्रजी मजकुराच्या मापानं कापलेली आहेत. ठरावीक उंचीमुळे ‘सर्व’चा रफार वरून छाटला जातो. अक्षरांतलं अंतर वाढवल्यानं शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांची झाली आहे. देवनागरीला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी द्यावी आणि अक्षरांतर शून्य ठेवावं. सूचनांचा करडा रंग उन्हात मोबाइलवर वाचता येत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा, हा जगभर मानला जाणारा निकष आहे.

ओटीपीसाठी सहा सुट्या चौकटी आहेत. संदेशातून कॉपी करून चिकटवला तर पहिल्या चौकटीत एकच अंक पडतो. एकच चौकट ठेवली तर हा त्रासच नाही. कॅप्चा (भरणारा माणूसच आहे ना, हे तपासणारं कोडं) चुकला की अख्खा अर्ज कोरा होतो, भरलेलं सगळं परत भरा. रकमेच्या चौकटीला वर-खालचे बाण आहेत; तिथे कर्सर असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलू शकतो. पैशांच्या चौकटीत असले बाण ठेवूच नयेत.

आणि शेवटची पायरी. ‘भरणा करा’ आणि ‘रीसेट’ शेजारी शेजारी, एकाच रंगाची, एकाच मापाची. ‘रीसेट’ मुळात हवंच कशाला? ‘भरणा करा’ दाबल्यावर काहीच हलत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि दोन व्यवहार सुरू होतात. बटण लगेच निष्क्रिय करून ‘भरणा सुरू आहे’ असं दाखवावं, आणि एका बिलाचा भरणा एकदाच स्वीकारला जाईल अशी अट सर्व्हरवरही ठेवावी. नुसत्या पडद्यावरच्या बंदोबस्तावर विसंबू नये.

तोवर भरायचंच असेल तर: संगणकावरून भरा, क्रमांक इंग्रजी अंक-अक्षरांत आणि रेघांशिवाय टाका, नाव इंग्रजीत लिहा, दाबण्याआधी रक्कम पुन्हा पाहा. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या संदेशातला यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जपून ठेवा आणि ‘पावती शोधा’ या पानावर पाहा. तिथे नसेल तर तो क्रमांक घेऊन कर विभागाच्या खिडकीवर जा.