बबल सीपॅप की हाय-फ्लो?

नागपुरात नवजात विभाग उभारणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न: मशीन एकच परवडतं, कोणतं घेऊ? दोन्ही मशीनं नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत करतात: बबल सीपॅप नाकातून सतत ठरावीक दाबाने हवा देतं, हाय-फ्लो नाकातल्या बारीक नळ्यांतून हवेचा जोरदार झोत सोडतं.

बबल सीपॅपची हवा बाहेर सोडणारी नळी पाण्यात 5 सेंमी बुडवली की जवळपास तेवढाच दाब फुप्फुसांना मिळतो. बुडबुडे थांबले म्हणजे बहुधा कुठेतरी गळती. आधी प्रॉंग्ज (नाकपुड्यांत बसवायच्या छोट्या नळ्या) आणि बाळाचं उघडं तोंड बघा. हाय-फ्लोत किती दाब पोचतो ते दिसतच नाही.

मेहनत मात्र सीपॅपला जास्त. प्रॉंग्ज घासून नाकाचा मधला पडदा सोलवटतो, म्हणून दर तीन-चार तासांनी नाक तपासायचंच. हाय-फ्लो इथे सुखाचं.

खर्चात बबल स्वस्त. गरम, ओलसर हवा दोन्हींना लागते, मे महिन्यातल्या नागपुरातही.

जन्मताच कण्हणाऱ्या दीड किलोच्या बाळाला सीपॅपच. सावरलेल्या, नाक दुखावलेल्या बाळाला हाय-फ्लो. वारंवार श्वास थांबत असेल तर व्हेंटिलेटरला उशीर नको.