इंटरव्ह्यूचा ड्रेस शिवून घेतला: शिलाई चोख, बाही घट्ट

लक्ष्मी रोडच्या मागच्या एका बोळात, लाकडी जिना चढून गेलं की हे टेलर आहेत. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि वॉक-इन इंटरव्ह्यूच्या जाहिराती शोधायला लागले. तेव्हा लक्षात आलं, चार वर्षं युनिफॉर्ममध्येच गेली. कपाटात दोन जीन्स आणि दादाच्या लग्नातला अनारकली. रूममेट म्हणाली, कॉलेजचाच युनिफॉर्म घाल, इस्त्री करून. पटलं नाही. बॅज काढला तरी त्यात मी स्टुडंटच दिसते, आणि मला वॉर्डातल्या ट्रेनिंग-पोस्टिंगला नाही, नोकरी मागायला जायचं होतं.

फिक्कट निळं कॉटन घेतलं. टेलरकाकांना सांगितलं: गुडघ्याखाली येईल असा सरळ कुर्ता, बंद गळा, दोन्ही बाजूंना खिसे, खाली साधी पँट, ओढणी नको. फोनवर आई वैतागली, "ओढणीशिवाय मुलाखतीला जाणार?" आईला काय सांगू, पेशंटवर वाकलं की ओढणी आधी त्याच्या तोंडावर जाते. शिलाई साडेपाचशे, चार दिवसांत ड्रेस तयार. कॉलर अशी बसली होती की मीच आरशात दोनदा बघितलं. खिशात पेन, छोटी वही आणि मोबाइल टाकूनही कुर्ता एका बाजूला ओढला जात नव्हता, हे रेडिमेडमध्ये मला कधी मिळालेलं नाही.

आता तक्रार. बाही पाऊण मागितली होती. काकांनी फिटिंग छान दिसावं म्हणून मोहरी, म्हणजे बाहीचं तोंड, स्वतःच्या मनाने अरुंद केली. ट्रायलला मी हात खाली सोडून उभी राहिले, मान डोलावली, पैसे दिले. चूक माझीही.

मुलाखतीत मॅट्रन (नर्सेसच्या प्रमुख) मॅडमनी सर्टिफिकेटं चाळली, नखं बघितली (कापलेली होती, नेलपेंट नव्हतं, देवाची कृपा) आणि म्हणाल्या, "चला, हात धुऊन दाखवा." साबणाने 40 ते 60 सेकंद, सगळ्या स्टेप्स तोंडपाठ. घड्याळ मनगटावर नव्हतं, कुर्त्याला पिन करून लावलं होतं, म्हणून तिथवर ऐटीत गेले. बाही वर सारायला लागले तर ती कोपराखालीच अडकली. सरकेचना. अंगठा धुताना पाणी बाहीत शिरलं आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी ओल्या बाहीने दिली. मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसत्या बाहीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले, थोडी तावातच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बाही उलटी केली आणि म्हणाले, "ताई, माया ठेवलीय आत, घाबरू नका." खरंच शिवणीच्या आत बोटभर माया, म्हणजे जादा कापड, होती. उसवून पुन्हा शिवायला वीस मिनिटं लागली आणि एक रुपयाही घेतला नाही. मग मी तिथेच उभ्या उभ्या हात धुवायची पूर्ण ॲक्टिंग करून बघितली. शेजारी ब्लाउजच्या मापाला आलेल्या काकू बघतच राहिल्या.

पुढच्या इंटरव्ह्यूला तोच ड्रेस. बीपी बघायला सांगितलं, वाकले, काही अडकलं नाही, काही लोंबलं नाही. तिथेच लागले. बुटांवर मात्र पैसे वाया घालवले: काळे, छोट्या टाचेचे, वॉर्डात टॉकटॉक वाजणारे. सपाट, रबरी तळव्याचे, पुढून बंद असेच घ्या.

शिलाईला पाचपैकी चार. एक गुण मोहरीचा कापला. जाल तेव्हा बाहीचं माप कोपर दुमडून द्या आणि शनिवारी जाऊ नका, गर्दीत ट्रायल घेऊ देत नाहीत.