फियाट १२४ स्पायडर, अल्फा स्पायडर की लान्चिया फुल्विया? पहिली जुनी इटालियन गाडी घेताना

युरोपात नाहीतर अमेरिकेत राहणारे आपले लोक हल्ली बऱ्याचदा विचारतात, की नोकरीत बस्तान बसलंय, घराला गॅरेज आहे, आता एखादी जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घ्यायचीये, फेरारीचं बजेट नाही, मग काय घेऊ. फेरारीचं बजेट नाही म्हटलं की चर्चा फिरून फिरून तीन गाड्यांवर येते: फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर, अल्फा रोमिओ स्पायडर आणि लान्चिया फुल्विया कूपे. म्हणून या तिघींनाच शेजारी शेजारी उभं करतो. अल्फाची बर्टोने कूपे, म्हणजे जिउजारोने डिझाइन केलेली ती जीटीव्ही, मुद्दाम बाहेर ठेवलीये, कारण तिच्या किमती आता पहिल्या गाडीच्या राहिलेल्याच नाहीत.

आधीच सांगतो, मी या गाड्या इंजिनावरून निवडत नाही, पत्र्यावरून निवडतो. इंजिनं तिघींचीही भारी आहेत, खोलून पुन्हा बांधता येतात, पार्ट मिळतात, खर्चाचा अंदाजही बांधता येतो. सडलेल्या बॉडीचा अंदाज मात्र कोणालाच बांधता येत नाही, वेल्डिंगवाल्यालाही नाही, कारण एक पॅनेल कापलं की आतलं दुसरं दिसतं आणि ते कापलं की तिसरं. त्या काळच्या इटालियन गाड्या का सडतात यावर निकृष्ट रशियन स्टील वापरल्याच्या गप्पा खूप चालतात, पण माझ्या मते कारण साधं आहे, बॉडीच्या पोकळ भागांना आतून धड काही संरक्षण नव्हतं आणि आत शिरलेलं पाणी आतच राहायचं.

फियाटपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात परवडणारी. १९६६ च्या तुरीन मोटर शोमध्ये आली, पिनिनफारिना या डिझाइन कंपनीकडे काम करणाऱ्या टॉम यार्डाचं डिझाइन, आणि १९८५ पर्यंत बनत राहिली, शेवटची काही वर्षं तर पिनिनफारिनाच्याच नावाने विकली गेली. एकूण दोन लाखांच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हिच्या खालचा सांगाडा फियाट १२४ सेडानचा आहे (थोडा आखूड करून), आणि ती सेडान आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरने निसानचं इंजिन घालून ११८ एनई म्हणून विकली होती, त्यामुळे ज्यांच्या घरी ११८ एनई होती त्यांचं हिच्याशी लांबचं का होईना नातं आहे.

इंजिन मात्र नात्यातलं नाही. ते आउरेलियो लाम्प्रेदीचं, म्हणजे ज्या माणसाच्या चार सिलिंडर इंजिनावर आस्कारीने १९५२ आणि १९५३ ला फेरारीसाठी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्यानेच फियाटमध्ये येऊन हे ट्विन कॅम बनवलं, आणि याच घराण्यातली इंजिनं पुढे १३१ अबार्थ आणि डेल्टा इंटेग्रालेमध्ये रॅली जिंकत राहिली. कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी रबरी दातेरी बेल्ट, त्या काळात हे नवीन होतं. म्हणून गाडी घेतली की पहिलं काम बेल्ट बदलणं, मालक कितीही सांगू दे की बदललाय, बिल नसेल तर बदललेला नाही असं धरायचं, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून बसू शकतात. बेल्ट किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वर्षं जुना आहे ते बघा, या गाड्या वर्षवर्ष उभ्या असतात आणि रबर उभ्या गाडीतही मरतं.

पत्र्याच्या बाबतीत फियाटची नस म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर टॉवर. बॉनेट उघडायचं, दोन्ही बाजूंच्या टॉवरकडे वरून टॉर्च मारायचा, मग चाकाच्या बाजूने खालून मारायचा. तिथे ठिगळ दिसलं किंवा नुकताच जाड काळा अंडरकोट फासलेला दिसला तर हात जोडून निघायचं. बाकी दरवाज्याखालचे बॉक्स, फ्लोअर, पुढचा क्रॉसमेंबर हे नेहमीचे यशस्वी आहेतच. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा वाटला तर बहुतेक वेळा आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा सांधा) झिजलेला असतो, ते स्वस्तातलं काम, उलट त्यावरून भाव पाडून घ्या. आणि हिचं छप्पर ड्रायव्हर सीटवर बसल्या बसल्या एका हाताने वर ओढता येतं, हे ब्रोशरमध्ये क्षुल्लक वाटतं पण पाऊस आला की कळतं.

आता अल्फा. मार्च १९६६ ला जिनिव्हात आली आणि एप्रिलच्या सुरुवातीला पिनिनफारिनाचे संस्थापक बाप्तिस्ता पिनिनफारिना वारले, त्यांनी स्वतः लक्ष घातलेली ही शेवटची गाडी म्हणतात. नाव ठरवायला लोकांमध्ये स्पर्धा घेतली होती, त्यातून दुएत्तो हे नाव आलं. पहिल्या गोल शेपटीच्या गाड्या १९६९ पर्यंत, त्यांना इटलीत ओसो दि सेप्पिया, म्हणजे कटलफिशचं हाड, म्हणतात, आणि किंमत बघितली तर फक्त म्हणतच राहावं अशी परिस्थिती आहे. १९७० पासून कापलेल्या शेपटीची, म्हणजे कोडा ट्रोंका, ही दुसरी सीरिज १९८२ पर्यंत चालली. मग रबरी स्पॉइलरवाली तिसरी, आणि १९९० पासून चौथी, जिला पॉवर स्टिअरिंग आणि बॉशचं इंजेक्शन आहे.

माझं मत सरळ आहे, अल्फा घ्यायची तर दुसरी सीरिज, १७५० किंवा २००० सीसीची. तिसरीचं ते काळं रबर बघून मला आजही वाईट वाटतं, पण ज्याला रोज ऑफिसला न्यायचीये आणि हात काळे करायचे नाहीयेत त्याने चौथी घ्यावी, बिनधास्त घ्यावी, कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

अल्फाचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं, आत लोखंडी वेट लायनर (बाहेरून पाणी खेळणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या), वर दोन कॅम आणि त्यांना साखळी, म्हणजे फियाटची बेल्टची कटकट इथे नाही. युरोपियन २००० मध्ये १३० च्या आसपास हॉर्सपॉवर, वर पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, तेही त्या जमान्यात. दुखणी ठरलेली आहेत आणि त्यामुळेच शोधायला सोपी. एक, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर आवाज न करता बसवणारी रिंग. गाडी पूर्ण थंड असताना टेस्ट ड्राइव्ह मागा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर संशय घ्या, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. करकर झाली तर गिअरबॉक्स आज ना उद्या उघडावा लागणार. थंड गाडीत दुसरा गिअर थोडा थांबून टाकायची सवय सगळ्याच अल्फावाल्यांना असते, ते चालतं, करकर वेगळी. दोन, हेड गॅस्केट, खासकरून दोन लिटरमध्ये. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये जातंय. तीन, प्रॉपशाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचं, रबरी कपलिंग, गिअर टाकल्यावर धप्प असा आवाज किंवा ठरावीक स्पीडला थरथर.

अमेरिकन गाड्यांमध्ये आणखी एक भानगड असते ती स्पिकाची. १९६९ पासून १९८१ पर्यंत तिकडच्या अल्फांना स्पिका कंपनीचं मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन होतं, आणि समजणारा माणूस मिळाला नाही की लोक ते उपटून वेबर कार्ब्युरेटर बसवतात. माझ्या मते ही घाई असते. नीट सेट केलेला पंप मस्त चालतो, फक्त त्या पंपाला स्वतःचा एक छोटा वेगळा ऑइल फिल्टर असतो तो बदलायचा असतो हेच बऱ्याच मालकांना माहीत नसतं. गाडी बघायला गेलात तर मालकाला त्या फिल्टरबद्दल विचारा, त्याच्या चेहऱ्यावरून गाडीची काळजी कशी घेतली गेलीये ते कळेल.

गंज म्हणाल तर अल्फाचे दरवाज्याखालचे बॉक्स आतून थरांवर थर असे आहेत, बाहेरचा थर नवीन घालून रंग मारला की वरून चकाचक, आतला मजबुतीचा थर मात्र भुगा. म्हणून नुसतं लोहचुंबक लावून भागत नाही, ते पुट्टी पकडतं पण नवीन पत्रा लावलेलं पकडत नाही. दरवाजा उघडा ठेवून गाडी जॅकवर उचला आणि दरवाजा परत लावून बघा. फट बदलली, दरवाजा अडकायला लागला, म्हणजे गाडी मधून वाकतेय. ही टेस्ट फियाटलाही लागू, छत नसलेल्या सगळ्याच गाड्यांना लागू.

फुल्विया या दोघींपेक्षा वेगळीच. पहिली गोष्ट, ती उघडी नाही, कूपे आहे, आणि दुसरी, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, ज्यामुळे बरेच जण तोंड वाकडं करतात आणि म्हणूनच किंमत अजून माणसात आहे. १९६५ ते १९७६, डिझाइन लान्चियाच्याच पिएरो कास्तान्येरोचं. इंजिन व्ही ४, पण दोन्ही बाजूंमधला कोन जेमतेम बारा-तेरा अंशांचा, त्यामुळे चारही सिलिंडरवर एकच हेड बसतं, आणि अख्खं इंजिन ४५ अंशात कलवून ठेवलंय. असलं काही करायला फक्त इंजिनियर लोकांनी चालवलेली कंपनीच हवी, आणि अशा कंपनीचं होतं तेच झालं, पैसे संपले आणि १९६९ ला फियाटने विकत घेतली. तरी १९७२ ला मुनारी आणि मानुच्चीने याच गाडीत मॉन्टे कार्लो रॅली मारली आणि त्या वर्षीची मॅन्युफॅक्चरर्स चॅम्पियनशिपही लान्चियाकडेच आली.

चालवायला १.३ लिटरच्या इंजिनमध्ये ९० च्या आसपास हॉर्सपॉवर, म्हणजे कागदावर काहीच नाही, पण गाडी हलकी आहे आणि वळणावर तिचं वागणं बघून वाटतं की बाकीच्यांनी उगाच एवढा त्रास घेतला. १९७० नंतरच्या दुसऱ्या सीरिजला पाच गिअर आहेत, पहिल्यांदा घेणाऱ्याने तीच बघावी. १.६ एचएफच्या, म्हणजे मोठ्या दिव्यांच्या रॅलीवाल्या फानालोनेच्या, नादी लागू नका, तिची किंमत वेगळ्या जगातली आहे आणि साध्या कूपेला एचएफचा साज चढवून विकणारेही कमी नाहीत.

अडचण अशी की फुल्वियाचं पुढचं सगळं, इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एका सबफ्रेमवर आहे. सबफ्रेम सोडवली की सगळं एकत्र बाहेर येतं, रिस्टोअर करणाऱ्याला हे वरदान. पण ती सबफ्रेम बॉडीला जिथे मागे बोल्ट होते तिथला पत्रा सडला की गाडी संपली असं समजा, कारण तिथे नीट वेल्डिंग करणं हे गल्लीतल्या गॅरेजचं काम नाही. मेकॅनिकल पार्ट इटली, जर्मनीतल्या स्पेशालिस्टांकडे मिळतात, ट्रिम आणि आतल्या वस्तू मात्र शोधत बसावं लागतं. आणि मेकॅनिक! अल्फाचं इंजिन समजणारा म्हातारा प्रत्येक मोठ्या शहरात एखादा तरी सापडतो, फुल्वियाचा शोधायला गाडीत बसून दोन-चार तास जायची तयारी ठेवा.

किमतीचं बोलायचं तर आकडे हलते असतात, पण युरोपात साधारण चित्र असं की चालती, बरी फियाट आणि चालती फुल्विया १.३ दहा ते वीस हजार युरोच्या पट्ट्यात, दुसऱ्या सीरिजची अल्फा त्याच्या वर, चौथ्या सीरिजची फियाटच्या जवळपास. थंडीत घ्या, उघड्या गाड्यांचे भाव एप्रिलमध्ये उगाच चढतात.

आता तो अमेरिकेचा आकडा. युरोपात विकायला असलेल्या कितीतरी १२४ स्पायडर आणि अल्फा कॅलिफोर्नियातून परत आलेल्या असतात. पत्रा कोरडा, खणखणीत, पण डॅशबोर्ड उन्हाने फुटलेला, सीट फाटलेल्या, १९७४-७५ नंतरच्या असतील तर पुढेमागे ते अवजड बंपर आणि प्रदूषणाच्या नियमांनी दम काढलेलं इंजिन. तरीसुद्धा इटलीत आयुष्यभर राहिलेली, सुंदर सीटची पण खाली भुगा झालेली गाडी आणि ही, या दोघींत मी डोळे मिटून कॅलिफोर्नियावाली घेईन. सीट शिवून मिळते, डॅशबोर्ड विकत मिळतो, बंपर बदलता येतात. इंग्लंडमधल्या मंडळींनी एवढंच ध्यानात ठेवा की फियाट १२४ स्पायडर फॅक्टरीतून उजव्या स्टिअरिंगची कधी आलीच नाही, जी दिसेल ती बदलून घेतलेली आहे आणि ते काम कोणी केलंय यावर सगळं.

अर्धवट खोललेला प्रोजेक्ट स्वस्तात घ्यावा का? स्वतः वेल्डिंग करणार असाल आणि जागा असेल तर फियाट घ्या, तिचे पॅनेल आणि पार्ट स्वस्त आहेत, चुकलं तरी घर विकावं लागत नाही. दुसऱ्याकडून काम करून घेणार असाल तर प्रोजेक्ट घेऊच नका, कुठलाच. पूर्ण बॉडी आणि रंगाचं काम तिकडच्या तासाच्या रेटने केलं तर तयार गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातं, तिघींच्याही बाबतीत. तयार गाडी महाग वाटते कारण आधीच्या मालकाचे बुडालेले पैसे आपल्याला दिसत नाहीत. आणि खोक्यांमध्ये सुटे पार्ट भरून विकायला काढलेली गाडी असेल तर त्यात नेमके न मिळणारेच पार्ट गायब असतात.

कागदपत्रांसाठी अल्फाचा फायदा असा की मिलानजवळच्या आरेसेमधल्या अल्फाच्या अर्काइव्हमधून चासी नंबरवर गाडी कधी बनली, कुठल्या रंगात, कुठे पाठवली याचं सर्टिफिकेट मिळतं, फियाट आणि लान्चियाचं काम तुरीनमधून होतं. इटलीत गाडी घेत असाल तर एएसआयचं (तिथल्या जुन्या गाड्यांच्या राष्ट्रीय क्लबचं) सर्टिफिकेट आहे का विचारा. जर्मनीत ३० वर्षांनंतर ऐतिहासिक गाडीची एच नंबरप्लेट मिळते, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, म्हणजे हौसेने लावलेली रुंद चाकं आणि रेसिंग सीट तिथे नडतात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर एमओटी, म्हणजे दरवर्षीची फिटनेस तपासणी, लागत नाही, त्यामुळे तिथल्या जाहिरातीत एमओटी नाही म्हणजे नियमातून सुटलीये की नापास होईल म्हणून केलीच नाही, हे स्वतः विचारून घ्या. चांगला मालक सूट असली तरी दरवर्षी करून ठेवतो आणि जुने कागद फाइलमध्ये लावून दाखवतो.

माझ्याकडे एकच जागा असती तर? कोडा ट्रोंका २०००, फिकट रंगाची, बिलांची जाड फाइल असलेली, रंग थोडा उडालेला असला तरी चालेल. पण घाटात एकट्याने पहाटे गाडी चालवणं हेच ज्याचं सुख आहे, आणि छत उघडलं काय न उघडलं काय सारखंच, त्याने माझं ऐकू नये, फुल्विया चालवून बघावी आणि मगच ठरवावं.