व्हॅक्युमवाला जेवणाचा डबा, बरेच महिने वापरल्यावर: डबा चांगला, रिंगने वैताग आणला

डबा कसा असतो ते सगळ्यांना माहितीये, स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, रुंद तोंडाचा, अर्ध्या लिटरचा, त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. लिहायला बसले कारण झाकणाच्या आतली सिलिकॉनची रिंग फाटली. कंपनीला विचारलं तर म्हणे रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, आणि झाकण सध्या स्टॉकमध्ये नाही, कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे एवढीशी रिंग नाही म्हणून ठणठणीत डबा कपाटात पडून. वॉरंटी मोठी लिहिलीये पण ती फक्त व्हॅक्युमची, रिंग 'झिजणारा भाग' म्हणून त्यातून बाहेर. मी फोनवर विचारलं की झिजणार हे तुम्हालाच माहितीये तर मग बदलायला ठेवत का नाही, त्याला काही उत्तर नव्हतं, तक्रार नंबर दिला आणि विषय बंद.

मला याचा एवढा राग का आलाय ते सांगते. या डब्याचं काम दोन भिंतींमधल्या पोकळीवर चालतं. मध्ये हवाच नाही, त्यामुळे उष्णता वाहून न्यायला काही उरत नाही, थोडीफार जाते ती किरणांच्या रूपाने. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये अतिथंड द्रवरूप वायू थंड ठेवायला असलं भांडं केलं, १९०४ मध्ये जर्मनीत ते थर्मॉस नावाने बाजारात आलं, आणि तत्त्व आजही तेच आहे. पण ही पोकळी बाजूंना आणि तळाला असते, तोंडाला नसते. जी काही उष्णता जाते ती बहुतेक तोंडातून, झाकणातून. तिथे वाफ अडवून धरायचं काम कोण करतं तर ही रिंग! स्टीलची भिंत कितीही भारी असू दे, रिंग सैल झाली की वाफ निसटते आणि वाफेबरोबर गरमपणा. मी जेवणात खुपसायचा थर्मामीटर घेऊन बघितलंय. सकाळी उकळती डाळ भरली की दुपारी साधारण ६५ अंश मिळायचे, फाटक्या रिंगने तीच डाळ पन्नाशीच्या आसपास आली. त्यात गळतीही सुरू झाली, पिशवीला तेलाचे डाग पडले ते वेगळेच.

आणि हा फरक फक्त चवीचा नाहीये. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं आणि बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांतच आहे. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं लागतं, कारण बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा जागे होतात. त्याचं एक विष असं असतं की नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. त्यामुळे 'कोमट तर आहे ना, चालेल' हा हिशोब चालत नाही. कोमट हीच सगळ्यात वाईट अवस्था, एकतर खरोखर गरम नाहीतर खरोखर थंड. म्हणून म्हणते की ज्या भागावर हे ६० अंश टिकणं अवलंबून आहे तोच वॉरंटीतून बाहेर काढणं मला अजिबात पटत नाही.

आता वापराबद्दल. घेताना वाटलं होतं की रोजचं जेवण तेच राहील, फक्त गरम मिळेल. तसं होत नाही! डबा तुमचं दुपारचं जेवण बदलतो, आणि हे कोणी घेण्याआधी सांगत नाही. पातळ, पाणी जास्त असलेलं जेवण यात सगळ्यात छान राहतं, डाळ, सूप, रस्सा, पाण्यात उष्णता भरपूर साठते म्हणून. कोरडं काही ठेवलं की तासाभरात वाफेने ओलं होतं. तळलेलं तर ठेवूच नका, कुरकुरीतपणा जातो आणि तेलकट चव उरते. ब्रेडचा लगदा होतो. हिरव्या भाज्यांचा रंग जातो, मटार आणि पालेभाजी दुपारी उघडल्यावर मळकट हिरवी दिसते, कारण गरम राहिल्याने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. चवीला फार फरक नाही पण उघडल्यावर मन जरा खट्टू होतं. नूडल्स पाणी पिऊन दुप्पट फुगतात. भात मात्र मस्त! साध्या डब्यातला भात थंड होऊन टणक होतो, स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो म्हणून, इथे गरम राहिल्याने तो मऊच राहतो. फक्त शिजवताना जरा कमी शिजवायचा, बाकीचा आत शिजतो.

आत शिजण्यावरून एक महत्त्वाचं. यात कच्चं धान्य आणि उकळतं पाणी भरून दुपारपर्यंत जेवण तयार, असं खूप जण करतात, ओट्सला वगैरे ठीक आहे. राजमा असा कधीही करू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते जायला भिजवून नंतर खळखळून उकळावं लागतं, आणि ८० अंशांच्या आसपास नुसतं मुरवलं तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. आधी नीट शिजवा, मग भरा.

भरायची पद्धत पण सांगते, कारण अर्ध्या लोकांची 'गरम राहत नाही' ही तक्रार इथूनच येते. आधी उकळतं पाणी ओतून झाकण लावून पाचेक मिनिटं ठेवायचं, नाहीतर थंड स्टीलच सुरुवातीची उष्णता खाऊन टाकतं. मग ते पाणी ओतून टाकून लगेच उकळतं जेवण भरायचं, गॅसवरून काढून दहा मिनिटं बाजूला ठेवलेलं नाही. आणि काठोकाठच्या थोडं खालपर्यंत भरायचं. अर्धा डबा भरला तर तो पटकन निवतो, उष्णता साठवायला जेवण कमी आणि बाहेर पडायला झाकण तेवढंच.

झाकण अडकतं ही तक्रार मला पण होती, सुरुवातीला दोन्ही हातांनी, कपडा धरून, तरी निघत नव्हतं. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. माझ्या डब्याला मध्ये एक बारीक बटण आहे, ते आधी उचललं की हवा आत जाते आणि झाकण सहज फिरतं. तुम्ही घेताना हे बटण आहे का बघाच, नसेल तर तो डबा घेऊ नका.

रिंगच्या वासाबद्दल माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीचे महिने मी या वासावरूनच डब्याला नावं ठेवत होते, कारण कांदा-लसणाचं जेवण एकदा नेलं की पुढचा आठवडाभर सगळ्याला तोच वास, सकाळी गोड लापशी भरली तरी तोच. स्टीलला वास नसतो, सगळा रिंगमध्ये मुरलेला असतो, सिलिकॉन तेलकट वास धरून ठेवतं आणि नुसत्या साबणाने तो जात नाही. मग रिंग रोज काढायला लागले, थोडा खायचा सोडा घालून पाण्यात उकळायची, पूर्ण वाळवायची आणि डबा रात्रभर उघडा ठेवायचा. वास जवळजवळ गेला. त्यामुळे वासाला आता मी मोठा दोष धरत नाही, पण रोज काढून घालण्यानेच रिंग ताणली गेली आणि तिला चीर पडली, म्हणजे साफ करा तर फाटते आणि साफ न करा तर वास येतो. म्हणूनच दोन रिंगा आलटून पालटून वापरता यायला हव्यात, आणि कंपनी एकच देते.

अपडेट: झाकणाची वाट बघणं सोडलं. जुन्या रिंगचा आतला व्यास आणि जाडी मोजून त्याच मापाच्या फूड ग्रेड सिलिकॉनच्या रिंगा वेगळ्या विक्रेत्याकडून मागवल्या, दोन घेतल्या, झाकणाच्या किमतीच्या मानाने काहीच पैसे गेले नाहीत. पहिल्या खेपेला झाकण जरा घट्ट फिरलं, आता नीट बसलंय, गळत नाही. दुपारी डाळ ६४ अंश. म्हणजे डब्यात काहीच बिघाड नव्हता, मी नवीन डबा घ्यायला निघाले होते तो खर्च वाचला, आणि हे कस्टमर केअरने एका वाक्यात सांगता आलं असतं तरी सांगितलं नाही याचा राग अजून आहे.

व्हॅक्युम गेलाय का हे बघायची सोपी युक्ती: उकळतं पाणी भरा आणि थोड्या वेळाने बाहेरून हात लावा. बाहेरची भिंत गरम लागली तर पोकळी गेली, तो डबा दुरुस्त होत नाही, तेव्हा वॉरंटी मागा. गार लागली आणि तरी जेवण निवतंय तर रिंग बघा. डबा मायक्रोवेव्हमध्ये नको, फ्रीजरमध्ये नको, ब्लीच तर अजिबात नको. स्टील ३०४ प्रकारचं म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, गंजत नाही म्हणतात, पण क्लोरीनने आणि खारट जेवण रात्रभर तसंच ठेवल्याने बारीक खड्डे पडू शकतात. घरी आल्या आल्या विसळून टाका.

साइज घेताना एकट्याच्या जेवणाला अर्धा लिटर पुरतो, भूक कमी असेल तर लहानच घ्या, मोठा अर्धा भरून नेण्यात काही अर्थ नाही. आणि जिथे दुपारी जेवता तिथे मायक्रोवेव्ह आणि फ्रिज दोन्ही असतील तर हा डबा घेऊच नका, साधा काचेचा डबा न्या, थंड ठेवा आणि जेवायच्या वेळी वाफ येईपर्यंत गरम करा.