वरचा जबडा रुंद करायचाय: चिकटवलेला स्क्रू की काढता येणारी प्लेट?

नऊ वर्षांच्या मुलाच्या मागच्या दातांचा चावा उलटा आहे (वरचे दात खालच्यांच्या आत बसतात), दंतवैद्यांनी दोन्ही पर्याय सांगितलेत आणि आईबाबा अडलेत. तर मूळ फरक असा.

दातांना चिकटवलेल्या उपकरणात टाळूच्या मधोमध स्क्रू असतो. किल्लीची एक पाव फेरी म्हणजे साधारण 0.25 मिमी, रोज अशा एक-दोन पाव फेऱ्या, दोन-तीन आठवडे. वाढत्या वयात टाळूच्या दोन हाडांमधला सांधा अजून घट्ट झालेला नसतो, म्हणून हाडंच बाजूला सरकतात. पुढच्या दोन दातांत फट पडते, ती पाहून घाबरू नका. सांधा उघडल्याची ती खूण आहे आणि बहुतेकदा ती आपोआप मिटते. नंतर नवं हाड भरेपर्यंत काही महिने उपकरण तोंडातच राहतं.

प्लेटचा स्क्रू आठवड्याला एक-दोनदाच फिरवतात. इथे हाडापेक्षा दातच जास्त बाहेर कलतात, त्यामुळे फायदा मर्यादित.

स्वच्छतेत प्लेट सरस: काढा, घासा, लावा. चिकटवलेल्यात अन्न अडकतं, सुरुवातीला बोलणं बोबडं होतं, लाळही सुटते.

पण खरी गोम सवयीची. प्लेट खिशात राहिली तर जबडा रुंद होत नाही, आणि मुलं ती हरवतातही.

जबडाच अरुंद असेल किंवा मूल विसराळू असेल, तर चिकटवलेलंच. थोडीच जागा हवी असेल, दात आत कललेले असतील आणि मूल खरंच प्लेट घालणारं असेल, तर प्लेट पुरते. वयात येऊन गेलेल्यांना मात्र नुसती प्लेट सुचवली, तर दुसरं मत घ्या.