गाडी जशी चालवाल तसा हप्ता: सवयींवर आधारित मोटार विम्याचा अनुभव

मोटारीचा विमा उतरवताना कंपन्या आजवर गाडीचे मॉडेल, तिचे वय आणि मागील वर्षी क्लेम घेतला होता की नाही, एवढ्याच गोष्टी प्रामुख्याने पाहत आल्या. चालक आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतो का, किंवा सिग्नल हिरवा होण्याआधीच गाडी पुढे काढतो का, हा प्रश्न अर्जात नसतो आणि असता तरी त्याला खरे उत्तर मिळण्याची शक्यता फारच थोडी होती. ही उणीव भरून काढणारी, मोबाइलवरील अ‍ॅपच्या साहाय्याने गाडी चालवण्याच्या सवयी नोंदवून त्यांवरून हप्ता ठरवणारी पॉलिसी मी, माझ्या धाकट्या बहिणीने आणि मेहुण्यांनी एकाच कंपनीकडून घेतली. पॉलिसीचे एक वर्ष पूर्ण होऊन नूतनीकरणही झाले असल्यामुळे तिच्याविषयी आता सविस्तर लिहिता येईल.

फोनमध्ये मुळातच असलेले वेगबदल मोजणारे सेन्सर आणि जीपीएस यांच्या आधारे अ‍ॅप प्रत्येक प्रवासाची नोंद करते आणि पाच बाबींवर शंभरपैकी गुण देते. अचानक मारलेला ब्रेक, झपाट्याने घेतलेला वेग, वळणावरचा वेग, गाडी चालू असताना हाताळलेला फोन आणि प्रवासाची वेळ या त्या पाच बाबी होत. प्रवास संपला की नकाशावर रस्त्याची रेघ उमटते आणि जिथे चूक झाली असे अ‍ॅपला वाटते तिथे लाल ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावर बोट ठेवले की त्या क्षणी वेग किती होता आणि तो किती वेळात उतरला, हेही कळते.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण असा की, माणसाचे स्वतःविषयीचे मत ती विचारातच घेत नाही. स्वीडिश संशोधक ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या गटापैकी ९३ टक्के आणि स्वीडनमधील गटापैकी ६९ टक्के जणांनी वाहन चालवण्याच्या कौशल्यात स्वतःला गटाच्या वरच्या अर्ध्या भागात बसवले होते, जे गणिताने शक्यच नाही. आमचे मेहुणेही त्याच मताचे. पहिल्या महिन्यात साठच्याही खाली गुण आल्यावर त्यांनी आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरांना, नंतर पुढे चाललेल्या प्रत्येक वाहनाला, आणि शेवटी आपला उपग्रहांवर विश्वास नसल्याचे जाहीर केले. बहिणीने शांतपणे त्यांच्यासमोर नकाशा धरला. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या छोट्याशा पट्ट्यात, शाळेसमोरच्या गतिरोधकाच्या अलीकडे, रोज ठरावीक जागी एक लाल ठिपका होता, कारण तो गतिरोधक मेहुण्यांना रोज नव्यानेच आढळत असे. पुढच्या महिन्यात तो ठिपका नाहीसा झाला. उपदेशाने जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते एका नकाशाने साधले, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या पॉलिसीची शिफारस करीन.

फोनच्या वापराची नोंद हा या अ‍ॅपचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणजे आलेला संदेश वाचण्यासाठी तीन सेकंद मान खाली घातली, तर पन्नास मीटरचा रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गाडी चालवताना फोन वापरणाऱ्यांच्या बाबतीत अपघाताची शक्यता सुमारे चौपट असते. नोंद होते आहे एवढ्या जाणिवेनेच आम्हा तिघांचेही फोन गाडीत शांत पडून राहू लागले. मात्र शेजारी बसलेल्या माणसाने नकाशा पाहण्यासाठी फोन उचलला, तरी गुण चालकाचेच कापले जातात. अशा प्रवासाची नोंद दुरुस्त करण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण ती सेटिंगच्या इतक्या आत दडवली आहे की माहीतगारालाही शोधावी लागते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र अ‍ॅपचा न्याय मला पटला नाही. एका सेकंदात वेग ताशी दहा-बारा किलोमीटरहून अधिक उतरला की ते लाल ठिपका देते. तो का उतरला, हे त्याला समजत नाही. एकदा उभ्या ट्रकच्या आडून सायकलवरचा मुलगा अचानक समोर आला आणि मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. मुलगा सुखरूप गेला, आणि संध्याकाळी त्याच जागी माझ्या नावावर लाल ठिपका होता. याउलट, पुढच्या गाडीला अगदी चिकटून चालवणारा, पण सुदैवाने कधी जोरात ब्रेक मारावा न लागलेला चालक या मोजमापात उत्तम ठरतो. दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, हा नियम गाडी शिकताना प्रत्येकाला सांगितला जातो, पण फोनला पुढची गाडी दिसतच नाही. इंडिकेटर न देता वळणे, लाल सिग्नल तोडणे आणि समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर मारत येणे, हेही त्याला दिसत नाही. व्होल्वोचे अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ साली आणलेला तीन बिंदूंचा सीट बेल्ट आजही जीव वाचवणारे सर्वांत साधे साधन आहे, पण मागच्या सीटवरच्यांनी तो लावला की नाही, याचा या गुणांशी काहीही संबंध नाही. उत्तम गुण मिळाले म्हणजे उत्तम चालक, असे कोणी समजू नये.

सर्वांत मोठा अन्याय माझ्या बहिणीवर झाला. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिची अनेकदा रात्रपाळी असते. आमच्या तिघांत सर्वांत संयमाने गाडी तीच चालवते. वेग, वळण आणि फोन या तिन्हींत तिचे गुण पूर्ण होते. तरीही केवळ मध्यरात्रीनंतरच्या प्रवासामुळे तिची एकूण श्रेणी खाली गेली आणि तिला माझ्याहून कमी सवलत मिळाली. रात्री झोप आणि अंधार यांमुळे धोका वाढतो, हे खरे आहे आणि विमा कंपनीने तो हिशेबात धरणे चूक नाही. परंतु सवयींवर हप्ता ठरवतो असे सांगून ग्राहक मिळवायचे आणि नोकरीच्या वेळेवरून गुण कापायचे, हे सरळ नाही. तिने लेखी तक्रार केली, तेव्हा गुण देण्याची पद्धत सर्वांना समान असल्याचे दोन ओळींचे उत्तर आले.

तरीही जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत मला अधिक रास्त वाटते. नो क्लेम बोनस फक्त क्लेम झाला की नाही एवढेच पाहतो. बेदरकार चालकाला नशिबाने साथ दिली तर त्यालाही तो मिळतो, आणि बोनस जाऊ नये म्हणून अनेक जण छोट्या धडकेचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. येथे निदान धडक होण्यापूर्वीच्या वागण्याला किंमत आहे. जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मरतात आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण आहे, हे लक्षात घेता या वागण्याला आणखी कितीही किंमत दिली तरी ती कमीच ठरेल. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ही साधी गोष्ट गाडी चालवणाऱ्याला रोज डोळ्यांसमोर दिसावी, याची सोय या पॉलिसीत आहे.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी कंपनीकडून लेखी मागून घ्याव्यात. कमी गुणांमुळे केवळ सवलत जाते की मूळ हप्ताही वाढतो, हे पहिले. आमच्या पॉलिसीत फक्त सवलत जाते. दुसरे, प्रवासाच्या नोंदी किती काळ ठेवल्या जातात आणि त्या आणखी कोणाला दिल्या जातात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अपघातानंतर क्लेम नाकारण्यासाठी याच नोंदी वापरल्या जातील का. या शेवटच्या प्रश्नावर विक्री प्रतिनिधीचे तोंडी उत्तर एक होते आणि पॉलिसीच्या कागदावरचे कलम दुसरेच सांगत होते. कागदावरचे कलमच लागू होते, त्यामुळे ते वाचूनच सही करावी. मी आणि मेहुण्यांनी नूतनीकरण केले आहे. बहिणीने मात्र तिची गाडी दुसऱ्या कंपनीच्या साध्या पॉलिसीत हलवली आहे, आणि रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही मी तेच करायला सांगेन.